जारा टाकलाच नाई

सॉफ्टवेअरचं नाव एकच अक्षर. आर.
फुकट मिळतं, म्हणून घेतलं.
विकतचं आहे नागपूरला, साहेबांच्या खोलीत,
खोलीची किल्ली शिपायाकडे,
शिपाई रजेवर.

मी अर्जुनीच्या कॉलेजात, तासिका तत्त्वावर.
दुपारी लॅबची वीज गेली की
बॅटरी संपेपर्यंतचा दीड तास माझा.
चेतन फोनवरून विचारतो,
‘ताई, कंस बंद केला का?’
नाही केला.
पडद्यावर अधिकचं चिन्ह येऊन बसलंय,
बोलणं अर्धवट टाकून गेलेल्याची वाट बघत,
बाबा दारात बसायचे तसं.
मी कंस बंद करते.
ते उठून जातं.

चौदा महिने दर मंगळवारी तलावावर गेले.
सात बायांच्या पिशव्या तानकाट्याला अडकवून
ग्रॅम लिहिले:
दाडक, बोटरी, मुरकुटी, मरळ.
आठ वह्या. दोन वह्यांना अजून वास येतो.
आता कळतंय, माझ्या तलावात
मरळच्या तीन जाती आहेत.
एक मरळ.
एक मरर, बाया म्हणतात तशी, घाईत टिपलेली.
आणि एक मरळ, जिच्या शेपटीमागे
बोट चुकून मोकळी जागा राहिली.
यंत्र तिघींना वेगळं मोजतं.
त्याचा दोष नाही. त्यानं मासा पाहिलेला नाही.

मग सरासरी मागितली.
उत्तर आलं: एनए.
पुन्हा मागितली. एनए.
चारशे वीस घरं (हसू नका, तेवढीच भरतात),
त्यातलं एक जरी कोरं असलं
तर सगळ्यांचं उत्तर कोरं.
मला हे आवडलं, का कोण जाणे.
एकाचं पान संपेपर्यंत
अख्खी पंगत उठत नाही, तसं.

चेतन म्हणाला, ‘कोरे वगळायला सांग, एका शब्दाचं काम.’
साहेब म्हणाले, ‘सरासरी भरून मोकळी हो.’
मी ठरवलं, शून्य भरू.

फुलवंता वलथरे जाळ्याला शिसं ओवत होती.
मावशी, तुमच्यापुढं नऊ जागी काहीच नाही,
शून्य लिहू?
तिनं दोरा दातानं तोडला.
‘जारा टाकला ना काई नाई आला,
थो सुन्न.
टाकलाच नाई, तं सुन्न कायचा?
तरावाले कायले बट्टा लावतेस?’

आणि बोटांवर मोजत गेली:
सोसायटीचा ठेका दुसऱ्यानं घेतला, ते तीन मंगळवार.
नातवाचं रक्त तपासायला गोंदिया, ते दोन,
कारण पहिल्यांदा मशीन बंद होती.
जावेची मयत. तेरवी.
एकदा सोताच तापानं.
नववा आठवेना.
‘थो तसाच राऊ दे.’

रात्री स्लॅबवर, रेंज लागते त्या कोपऱ्यात,
नवा रकाना केला: कारण.
त्याची सरासरी येते का, करून पाहिली.
तांबड्या अक्षरांत इशारा आला
आणि खाली, एनए.

आलेखात फुलवंताची रेघ नऊ जागी तुटते.
साहेब म्हणतात, जोडून घे, दिसायला बरं नाही.
मी लॅपटॉप तिच्या ओसरीत नेला.
ती रेघ बघतच नव्हती.
तुटलेल्या जागांवर बोट ठेवत गेली,
हा ठेका, हा बी ठेका, हे गोंदिया,
नवव्या जागी बोट थांबलं.
‘हं,’ म्हणाली,
आणि मासे निवडायला परत बसली.

घरी येऊन उघडलं
तर नवव्या जागी एक ठिपका चमकत होता.
मी तपासलं, वहीत नाही, रकान्यात नाही.
नखानं टोकरलं तेव्हा निघाला.
खवला होता.